जमीन ज्याची त्याची, पाणी कोणाचे?

गोंदिया तालुक्यातील कामठा येथे पाण्याचा दुष्काळ आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. येथे वर्षाकाठी सरासरीने बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला स्वप्नातही दिसू नये इतके हे पाणी. सरकारी भूजल-मूल्यांकनात गोंदिया जिल्ह्यातील तालुक्यांची गणना ‘सुरक्षित’ या वर्गात होते. असे असता भूजलाच्या उपशावर नियंत्रण असावे काय, विहीर खोदण्यास परवाना लागावा काय, हा प्रश्न आम्ही कामठ्याचे नाव घेऊन का उपस्थित करीत आहो, असे वाचक विचारतील. त्यास आमचे उत्तर एवढेच की, घर पेटल्यावर विहीर खोदावयास निघण्याची आपली जुनी खोड या एका बाबतीत तरी सुटावी. ज्या गावात अद्याप पाणी आहे, तेथेच पाण्याचा न्याय शांतपणे ठरविता येतो. पाणी संपल्यावर उरते ती केवळ झटापट.

वरुड आणि मोर्शी हे तालुके काही फार दूर नाहीत. संत्र्यांच्या बागांनी त्यांना वैभव दिले आणि त्याच बागांसाठी जमिनीची चाळण झाली. प्रथम साध्या विहिरी आटल्या, मग शंभर फुटांच्या विंधण विहिरी आटल्या, मग त्याहून खोल. अखेर अतिशोषित क्षेत्रांच्या यादीत या तालुक्यांची नावे चढली. जळगावच्या केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरकडे, हीच कथा वेगळ्या पिकाच्या नावाने घडली. या दोन्ही ठिकाणी लोक आळशी नव्हते की अडाणी नव्हते. उलट ते उद्यमशील होते, आणि प्रत्येक जण आपापल्या हद्दीत कायद्याने दिलेल्या हक्कानुसारच वागत होता. दोष त्या हक्काच्या स्वरूपात आहे, आणि त्याचाच विचार प्रथम करावयास हवा.

आपल्या देशात जमिनीखालच्या पाण्याचा धनी कोण? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेविले आहे. निश्चित प्रवाहमार्गाने न वाहणारे जे पाणी एखाद्याच्या जमिनीखाली असेल, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची हवी तशी विल्हेवाट लावण्याचा हक्क त्या जमीनमालकाला आहे, असे त्या कायद्यातील ७ व्या कलमाखालचे एक उदाहरण सांगते. हा कायदा मुंबई इलाख्याला १८९१ साली लागू झाला. परंतु मध्यप्रांताला तो आरंभापासूनच लागू होता, आणि कामठा त्या वेळी मध्यप्रांतातील भंडारा जिल्ह्यात होते. म्हणजे ज्याची जमीन त्याचे भूजल, हा सिद्धान्त पुण्या-मुंबईच्या आधी आमच्या झाडीपट्टीत अवतरला.

या सिद्धान्ताचे मूळ इंग्लंडातील आहे. १८४३ साली तेथे असा खटला निघाला की, एका गिरणीमालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणींमुळे कोरडी पडली. न्यायालयाने त्याला दाद दिली नाही. कारण काय, तर भूगर्भातील पाण्याच्या वाटा कोणास दिसत नाहीत, त्या अज्ञात आहेत. जे अज्ञात त्याविषयी हक्क आणि अपराध ठरवावयाचे कसे? १८४३ साली हे उत्तर प्रामाणिक होते. आज ते प्रामाणिक राहिलेले नाही. आज खडकाचा प्रकार, पाण्याची पातळी, पुनर्भरणाची वाट, एका विहिरीच्या उपशाचा दुसरीवर होणारा परिणाम, हे सारे मोजता येते. आपल्या राज्यात त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पन्नास वर्षांहून अधिक काळ काम करीत आहे. अज्ञानाच्या पायावर उभा केलेला हक्क ज्ञान झाल्यावरही तसाच चालू ठेवणे, हा न्याय नव्हे. ती सोय आहे, आणि तीही ज्याच्या खिशात खोल खोदण्याचा पैसा आहे त्याचीच.

कामठ्याच्या भूमीपुरते बोलावयाचे तर हा मुद्दा अधिक तीव्र होतो. महाराष्ट्राचा चार-पंचमांश प्रदेश काळ्या अग्निज खडकाचा आहे. गोंदियाकडील खडक त्याहून फार प्राचीन, ग्रॅनाइट आणि नीस जातीचा आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात. त्याखाली अखंड पाषाण आणि त्यातील मोजक्या फटी. वरचा थर दर पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत उतरतो. खाली पाताळगंगा वाहत नाही. दोनशे-अडीचशे फूट खोल गेलेल्या कूपनलिकेला जे पाणी लागते, ते पुष्कळदा वरच्याच पाण्याची फटीवाटे झालेली ओढ असते. शिवाय अशा खडकात खोलवरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण वाढण्याचा धोका असतो, तो निराळाच.

आम्ही काही वर्षे शिक्षकी केली. हौदाला एक नळ भरतो आणि दुसरा रिकामा करतो, तर हौद किती तासांत रिता होईल, हे उदाहरण आम्ही फळ्यावर पुष्कळदा घातले. त्या उदाहरणात हौदाच्या तळाशी दुसरा गुप्त हौद असल्याचे गृहीत धरून कोणी विद्यार्थ्याने उत्तर काढले नाही. प्रौढ माणसे मात्र कूपनलिका खोदताना नेमके तेच गृहीत धरतात.

आता दोन शेजाऱ्यांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. एकाची दोन एकर जमीन आणि आजोबांनी बांधलेली तीस फुटांची विहीर. खरिपाच्या धानाला पावसाने दगा दिला तर शेवटच्या पाण्याला तीच त्याचा आधार. घरची भाजी, गुरांचे पिणे, सारे तीवरच. दुसऱ्याची पंधरा एकर. त्याने अडीचशे फुटांची ‘बोर’ मारली आणि जानेवारीत उन्हाळी धानाची रोवणी केली. मार्चअखेर पहिल्याची विहीर तळ दाखवू लागते. दुसऱ्याने चोरी केली नाही, बांध कोरला नाही, पाट फोडला नाही. तो आपल्या बांधीत उभा राहून आपल्या वीजपंपाची कळ दाबतो, एवढेच. पण त्या कळेबरोबर पहिल्याच्या घरातील पाणी उतरते, आणि १८८२ चा कायदा पहिल्याला सांगतो की तुझी तक्रार ऐकण्याजोगी नाही. फार तर तूही कर्ज काढ आणि खोल जा. तोही मग कर्ज काढतो. कूपनलिकेला पाणी लागो न लागो, कर्जाला व्याज लागतेच.

उन्हाळी धानाचे पाणी म्हणजे किती, याचाही हिशेब मांडू. एका एकरावर मीटरभर उंचीचे पाणी उभे केले तर ते सुमारे ४० लाख लिटर होते. उन्हाळी धानाला एकंदरीत एवढे किंवा याहून अधिक पाणी द्यावे लागते. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या प्रमाणाने हे एका एकराचे पाणी दोनशे माणसांना वर्षभर पुरेल. त्यातील काही भाग झिरपून पुन्हा खाली जातो, हे मान्य केले तरी तुलना डोळे उघडणारी आहे. उन्हाळी धान लावणारा शेतकरी लोभी असतो, असे आम्हास मुळीच म्हणावयाचे नाही. खरिपाचे एक पीक घेऊन संसार चालत नाही, हमीभावाने सरकारी खरेदी होते ती धानाची, आणि दुसऱ्या पिकाला गिऱ्हाईक नाही; अशा स्थितीत तो धानच लावणार. परंतु म्हणूनच त्याला परवान्याची अट घालून बाकी सारे जसेच्या तसे ठेवणारे धोरण दांभिक ठरते.

सरकारने काहीच केले नाही, असा आक्षेप मात्र घेता येणार नाही. कागदावर पुष्कळ झाले आहे. केंद्राने नमुना विधेयक १९७० सालीच राज्यांकडे धाडले. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्यापुरता कायदा केला आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातला. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो १ जून २०१४ पासून अमलात आला. हा अधिनियम वाचला म्हणजे तो चांगल्या बुद्धीने केलेला आहे, हे कळते. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे भूजलाचा अधिकार. विहिरींच्या मालकांची व विंधण यंत्रांच्या मालकांची नोंदणी. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट वा त्याहून अधिक खोल विहिरींना शेती व उद्योगासाठी मनाई. अधिसूचित क्षेत्रात पूर्वीच्या खोल विहिरींच्या उपशावर उपकर. पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्या आणि पाण्याच्या हिशेबावर आधारलेला पीक-आराखडा. हे सारे त्यात आहे. उणीव आहे ती एकच. त्याखालील नियमांचा मसुदा प्रसिद्ध होण्यास २०१८ चा जुलै उजाडला. कायदा आणि त्याचा मसुदा-नियम यांत चार पावसाळे गेले! दरम्यान विंधण यंत्राच्या गाड्या रात्रंदिवस हिंडत होत्या, आणि त्यांना कोणत्याही मसुद्याची वाट पाहावी लागत नव्हती.

केंद्रीय पातळीवरील चित्रही विचार करावयास लावणारे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ साली केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी उद्योग, खाणी व मोठे बांधकाम-प्रकल्प यांना उपशासाठी ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक केले. घरगुती वापर आणि शेती यांना मात्र सूट दिली. भारतातील भूजलाच्या एकूण उपशापैकी शेकडा ८५ हून अधिक शेतीसाठी होतो. म्हणजे परवान्याची मांडणी ज्या दारावर आहे, त्या दाराने थोडेच पाणी जाते. मुख्य दरवाजा सताड उघडा आहे. लक्षावधी शेतकऱ्यांच्या मागे निरीक्षक धाडणे अशक्य आहे, हे त्या सवलतीचे खरे कारण, आणि ते खोटे नाही. त्यावरून शेती नियमनाच्या बाहेरच असावी, असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की, शेतीचे नियमन दिल्लीहून किंवा मुंबईहून होणार नाही. ते गावातच व्हावयास हवे.

येथे परवान्यावरील सर्वात गंभीर आक्षेपाला तोंड दिले पाहिजे. आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना परमिटांचे युग आठवत असेल. सिमेंटला परमिट, साखरेला परमिट. आणि परमिट म्हटले की मधला माणूस, टेबलाखालचा हात आणि ओळखीचा आमदार. विहिरीला परवाना लागला म्हणजे तोच खेळ शेतकऱ्याच्या बांधावर येईल. पंधरा एकरवाल्याला परवाना आठ दिवसांत मिळेल आणि दोन एकरवाला तालुक्याला खेटे घालील. ही भीती निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. किंबहुना कार्यालयातून दिलेला परवाना हा असाच वागेल, याविषयी आमची खात्री आहे. पण यावर उपाय परवाना नाकारणे हा नव्हे, तर परवाना कोणी द्यावा आणि कोणाच्या देखत द्यावा, हे बदलणे हा आहे.

आणि या बाबतीत कामठ्याच्या परिसराला बाहेरून शहाणपण आणावयाची गरज नाही. हा जमीनदारीचा मुलूख. १८१८ साली येथल्या चिमणा पटेलाने इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड केले होते. तेव्हा स्वत्व येथे नवे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून हजारो मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळीच्या नावाशी जोडलेला आहे. या तलावांच्या पाण्याचा हक्क सातबाऱ्यावरच्या मालकीने ठरत नसे. कोणत्या बांधीला केव्हा पाणी, गुरांना कोणता घाट, मासेमारी कोणाची, गाळ कोणी न्यावयाचा, याचे गावाने मानलेले नियम होते. निस्तार हक्क वाजिब-उल-अर्जात नोंदलेले होते. म्हणजे एकाच गावात, एकाच इंग्रजी अमलाखाली, जमिनीवरचे पाणी गावाचे होते आणि जमिनीखालचे पाणी ज्याचे त्याचे होते. तलावाच्या पाळीवरून झिरपलेले थेंब विहिरीत गेले की त्यांची जात बदलत असे! निसर्गाला हा भेद ठाऊक नाही. तलाव भरला की विहिरी भरतात आणि तलावात गाळ साचला की विहिरी आटतात, हे येथील कोणतीही वृद्ध बाई सांगेल.

१९५१ साली मालगुजारी संपली, हे योग्यच झाले. पण मालगुजाराबरोबर तलावांची काळजी वाहणारी व्यवस्थाही गेली. तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले. सर्वांचे झाले ते कोणाचेच राहिले नाहीत. पाळी खचल्या, गाळ साचला, पोटजमिनीत अतिक्रमणे झाली. आणि ज्याला तलावाचे पाणी मिळेना, तो खाली खोदू लागला. कूपनलिकांची वाढ हा केवळ यंत्राचा विजय नाही. तो गावाच्या सामाईक व्यवस्थेचा पराभव आहे.

तो पराभव अटळ होता असेही नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात वाटले गेले. भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य ठरला. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका नको असे ग्रामसभेत ठरविले, दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिके ठरविली, आणि ते पाळले. या गावांवर कोणत्याही निरीक्षकाची छडी नव्हती. शेजाऱ्याची नजर होती. आणि ती छडीपेक्षा अधिक काम करते.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. भूजलाचे नियमन व्हावे, परवाना असावा. पण त्याचा अर्ज ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि त्याचा निर्णय गावच्या फळ्यावर लागावा. सुरुवात नोंदणीपासून व्हावी: गावात विहिरी किती, कूपनलिका किती, त्यांची खोली किती, हे ज्या गावाला सांगता येत नाही, त्याने पाण्याचा हिशेब कशाच्या आधारे मांडावा? पावसाळ्यापूर्वी आणि नंतर काही ठरावीक विहिरींची पातळी शाळेतील मुलांकडूनही मोजून घेता येईल. त्यांच्यासाठी याहून चांगला भूगोलाचा धडा नाही. भूजल यंत्रणेच्या तज्ज्ञाने गावात येऊन सल्ला द्यावा आणि मुदतीत द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचे संरक्षण ही पहिली अट, लहान शेतकऱ्याची जुनी विहीर ही दुसरी. त्यानंतर नव्या उपशाचा विचार. बेकायदा खोदाईबद्दल केवळ शेतकऱ्याला दंड करून भागणार नाही. विंधण यंत्राच्या मालकाला प्रथम जाब विचारावा. त्याचे यंत्र तालुक्यात सर्वांना दिसते. ते फक्त अधिकाऱ्यांनाच दिसू नये, हे नवल आहे.

त्याबरोबर सरकारने आपल्या दोन हातांत मेळ घालावा. एका हाताने भूजल वाचवा म्हणावयाचे आणि दुसऱ्या हाताने, २०२४ साली झाले तसे, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत करावयाची, यांतील विसंगती कोणासही दिसेल. शेतकऱ्याला साहाय्य अवश्य मिळावे. पण ते उपशाच्या प्रमाणात वाढणारे नसावे. जो उन्हाळ्यात धानाऐवजी हरभरा, जवस, लाखोळी किंवा भाजीपाला घेईल, त्याच्या मालालाही खरेदीची तीच हमी असावी. पंजाबने २००९ साली कायदा करून १० जूनपूर्वी धानाच्या रोवणीस मनाई केली. पण सरकारी खरेदी आणि मोफत वीज तशीच राहिली, म्हणून तेथील पातळी उतरतच गेली. तो धडा आपण दुसऱ्याच्या खर्चाने शिकावा. आणि तलावांचा गाळ? परवान्याच्या पहिल्या अर्जाआधी गावच्या तलावाची पाळ दुरुस्त करून दिली, तर नियमनाला लोकांची संमती मागावीही लागणार नाही. जो देतो, त्यालाच अडविण्याचा अधिकार असतो.

शेवटी दोन शब्द आमच्या शहरी वाचकांसाठी. हा लेख वाचताना पुष्कळांनी मान डोलाविली असेल. शेतकऱ्याने पाणी जपून वापरावे, हे आपणा सर्वांस पटते. परंतु आपल्या सदनिकेच्या आवारातील कूपनलिका किती फूट खोल आहे, तिचे पाणी कोठून येते, अंगण फरशीने बंद केल्यावर पाऊस कोठे जातो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? नियम करावयाचा तो दोघांनाही लागू व्हावा. कामठ्याच्या शेतकऱ्याला परवाना आणि शहरातील इमारतीला मोकळीक, असा न्याय गावाने का मानावा?

खोल भूजल हे लोकांच्या वतीने सांभाळलेल्या ठेवीसारखे आहे आणि राज्य त्याचे विश्वस्त आहे, अशा आशयाचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मांडले. विश्वस्ताने ठेवीचा हिशेब ठेवावा लागतो आणि मागितला तर दाखवावा लागतो. तो हिशेब कामठ्याच्या ग्रामसभेत, धान्याच्या कोठारासारखा उघड, दरवर्षी मांडला जावा, एवढीच आमची मागणी आहे. तीस फुटांची विहीर असलेल्या माणसाला खोल जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तर त्या गावात पाणी असूनही न्याय नाही, असेच म्हणावे लागेल.